अठराच्या अठरा संघांना खेळू द्या: एसीसीच्या विद्यापीठप्रमुखांना खुले पत्र

प्रति,
अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सचे (एसीसी) आयुक्त आणि अठरा सदस्य विद्यापीठांचे अध्यक्ष व कुलपती

सविनय नमस्कार.

2025 च्या मार्चमध्ये शार्लटच्या स्पेक्ट्रम सेंटरमध्ये तुमच्या कॉन्फरन्सची, म्हणजे हंगामभर एकमेकांशी खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाची, पुरुषांची बास्केटबॉल स्पर्धा सुरू झाली, तेव्हा आदल्या वर्षीचा विजेता संघ तिथं नव्हता. तो हरून बाहेर पडलेला नव्हता आणि त्याला कसली शिक्षाही झालेली नव्हती. तुमच्या नव्या नियमानं अठरापैकी पंधराच संघांना प्रवेश होता आणि नॉर्थ कॅरोलिना स्टेट (एनसी स्टेट) सोळाव्या जागेवर होतं. दाराबाहेर राहिलेले दुसरे दोन संघ म्हणजे बॉस्टन कॉलेज आणि मायामी. 2023 मध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या फायनल फोरपर्यंत, म्हणजे शेवटच्या चार संघांत, पोचलेला एसीसीचा एकमेव संघ मायामी होता. 2024 मध्ये तिथवर गेलेला एकमेव संघ एनसी स्टेट होता. लागोपाठ दोन वर्षं ज्यांनी कॉन्फरन्सचं नाव राखलं, त्या दोघांनाही आपल्याच घरच्या स्पर्धेत पाऊल टाकता आलं नाही.

तो नियम बदला आणि पुन्हा सगळ्या संघांना खेळू द्या, हे सांगायला हे पत्र आहे. महिलांच्या स्पर्धेलाही हीच पंधराची कात्री लागली आहे, तेव्हा माझी विनंती दोन्ही स्पर्धांसाठी आहे. पुढची उदाहरणं बहुतेक पुरुषांच्या स्पर्धेची आहेत, कारण तिचा इतिहास जुना आणि तिच्या नोंदी सर्वांच्या ओळखीच्या.

मी कॅरीत राहते. कॅरी, मॉरिसव्हिल, एपेक्स या पट्ट्यात मराठी घरं भरपूर आहेत. रिसर्च ट्रँगल पार्कमधल्या नोकऱ्यांमुळे आम्ही इथं आलो, मुलं इथंच वाढली आणि आता ती तुमच्याच विद्यापीठांत शिकतात. कुणाचा मुलगा चॅपल हिलला, कुणाची मुलगी व्हर्जिनिया टेकला, कुणी जॉर्जिया टेकला. माझी मुलगी एनसी स्टेटमध्ये आहे आणि सामन्यांना वाजणाऱ्या विद्यापीठाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवते. मी मराठीत लिहिते आहे, कारण या घरांतल्या आईबाबांनीही हे वाचावं आणि आपापल्या विद्यापीठाच्या कार्यालयाला दोन ओळी कळवाव्यात अशी माझी इच्छा आहे. फी आम्ही भरतो, सामन्यांची तिकिटं आम्ही काढतो, आणि संघ हरला की आमच्या घरात मुलांचे चेहरे पडतात. आमचं म्हणणं तुमच्यापर्यंत यायला हवं.

ही स्पर्धा कशातून जन्माला आली ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता, तरी आठवण करून देते. 1953 च्या मे महिन्यात ग्रीन्सबरोजवळ सात विद्यापीठं सतरा सदस्यांच्या अवाढव्य सदर्न कॉन्फरन्समधून बाहेर पडली आणि एसीसी स्थापन झाली. त्याच वर्षी व्हर्जिनिया आठवी म्हणून आली. 1954 मध्ये रॉलीच्या रेनल्ड्स कोलिझियममध्ये पहिली स्पर्धा झाली, तीत आठच्या आठ संघ उतरले आणि एनसी स्टेटनं वेक फॉरेस्टला जादा वेळेत 82-80 असं हरवलं. एनसी स्टेटचे प्रशिक्षक एव्हरेट केस इंडियानाहून आलेले. विजयानंतर शिडीवर चढून बास्केटची जाळी कापायची तिकडची रीत त्यांनीच दक्षिणेत आणली असं मानतात. आज राष्ट्रीय विजेताही तीच रीत पाळतो. त्या पहिल्या स्पर्धेपासून 2024 पर्यंत, म्हणजे सत्तर वर्षं, शिक्षेमुळे किंवा आजाराच्या साथीमुळे कुणी गळालं असेल तेवढंच. तक्त्यात खाली आहात म्हणून घरी बसा, असं कोणत्याही संघाला सांगितलं गेलं नव्हतं. कॉन्फरन्स आठाची नऊ झाली, बाराची पंधरा झाली, तरी प्रत्येक संघाला मार्चमध्ये एक तरी सामना होता.

आणि तो सामना नावापुरता नव्हता. तुमच्याच नियमावलीप्रमाणे कॉन्फरन्सचा विजेता म्हणजे या स्पर्धेचा विजेता. नियमित हंगामात कुणी पहिलं आलं तर त्याचं कौतुक होतं, पण विजेतेपद ठरतं ते स्पर्धेत. याची झळ मोठमोठ्यांना बसली आहे. 1970 मध्ये साउथ कॅरोलिनानं हंगामातले कॉन्फरन्सचे चौदाच्या चौदा सामने जिंकले होते. शार्लटच्या अंतिम सामन्यात ते एनसी स्टेटकडून दोन जादा वेळांनंतर 42-39 असे हरले. त्या काळी राष्ट्रीय स्पर्धेत प्रत्येक कॉन्फरन्सचा एकच संघ जाई, त्यामुळे चौदा विजय मिळवूनही ते घरी राहिले. पुढच्याच वर्षी त्यांनी एसीसी सोडली. 1974 मध्ये ग्रीन्सबरोला एनसी स्टेटनं मेरीलँडला जादा वेळेत 103-100 असं हरवलं. मेरीलँड तेव्हा देशात चौथ्या क्रमांकावर होतं, पण हरलं म्हणजे संपलं. एनसी स्टेट पुढे गेलं, त्याच ग्रीन्सबरोत झालेल्या फायनल फोरमध्ये त्यांनी यूसीएलएची सात वर्षांची सद्दी मोडली आणि राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. 1975 मध्ये राष्ट्रीय स्पर्धा 32 संघांची झाली आणि एका कॉन्फरन्सचे एकाहून जास्त संघ घ्यायला सुरुवात झाली. मेरीलँडसारखा संघ बाहेर राहतो हे सगळ्या देशाच्या डोळ्यांवर आलेलं होतं.

साउथ कॅरोलिना आणि मेरीलँडच्या त्या कडू आठवणींतून तुम्ही काय घ्यावं? माझ्या मते हे: स्पर्धेनं विजेता ठरवायचा असेल, तर स्पर्धा फार कठोर असते, हंगामभराची कमाई एका संध्याकाळी जाते. तो कठोरपणा सगळ्यांनी मान्य केला तो एकाच अटीवर, की शेवटच्या संघालाही तीच संधी आहे. पहिल्याला सगळं गमावण्याचा धोका आणि शेवटच्याला सगळं मिळवण्याची आशा, या दोन्ही एकत्रच असायला हव्यात. आज तुम्ही धोका तसाच ठेवला आहे आणि आशा मात्र तीन संघांपुरती काढून घेतली आहे. विजेतेपद स्पर्धेतच ठरत असेल, तर स्पर्धेबाहेर ठेवलेल्या तिघांना तुम्ही विजेतेपदाच्या शर्यतीतूनच काढलंत.

आता 2024. ते सगळं ताजं आहे, आणि माझ्या बोलण्यातला जोर तिथूनच आलेला आहे.

एनसी स्टेटनं तो हंगाम लागोपाठ चार पराभवांनी संपवला होता. एकूण 17 विजय, 14 पराभव, मानांकन दहावं. वॉशिंग्टनच्या कॅपिटल वन अरीनात मंगळवारी त्यांनी लुइव्हिलला हरवलं, बुधवारी सिराक्यूजला, गुरुवारी ड्यूकला. शुक्रवारी व्हर्जिनियाविरुद्ध शेवटचे 5.3 सेकंद राहिले तेव्हा ते तीन गुणांनी मागे होते. व्हर्जिनियाच्या खेळाडूचा फ्री थ्रो चुकला, मायकल ओ'कॉनेल चेंडू घेऊन धावला आणि त्यानं बझर वाजता वाजता लांबून फेकलेला चेंडू फळीवर आपटून आत गेला. सामना जादा वेळेत गेला आणि त्यांनी तो जिंकला. शनिवारी चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलिनावर 84-76. पाच दिवसांत पाच विजय. या कॉन्फरन्सच्या इतिहासात असं कुणीच केलेलं नव्हतं, आणि एनसी स्टेटला 1987 नंतर पहिल्यांदाच हा मान मिळाला. त्या रात्री रॉलीत हिल्सबरो स्ट्रीटवर विद्यार्थ्यांचा पूर लोटला, बेलटॉवरवर लाल दिवे लागले. माझी मुलगी त्या गर्दीत होती. फोनवर तिचा आवाज बसलेला, शब्द कळत नव्हते, नुसता आनंद ऐकू येत होता. तिथून तो संघ राष्ट्रीय स्पर्धेत ड्यूकला दुसऱ्यांदा हरवून फायनल फोरला गेला. डीजे बर्न्स हा त्यांचा धिप्पाड, हसतमुख खेळाडू देशभर घराघरांत माहीत झाला.

मंगळवारचा पहिला सामना झाला तेव्हा सभागृह किती भरलं होतं? फारसं नाही. मंगळवारी कधीच भरत नाही. पण मंगळवार नसता तर शनिवारही आला नसता.

हे काही एकदाच घडलेलं नवल नाही. 1983 मध्ये जिम व्हॅल्व्हानोंचा एनसी स्टेट संघ दहा पराभव घेऊन स्पर्धेत उतरला होता. त्यांनी उपांत्य सामन्यात मायकल जॉर्डन असलेल्या नॉर्थ कॅरोलिनाला जादा वेळेत आणि अंतिम सामन्यात राल्फ सॅम्पसनच्या व्हर्जिनियाला हरवलं, आणि पुढे ह्यूस्टनवर 54-52 असा विजय मिळवून ते राष्ट्रीय विजेते झाले. 2022 मध्ये ब्रुकलिनला सातव्या मानांकनाच्या व्हर्जिनिया टेकनं चार दिवसांत चार सामने जिंकले, अंतिम सामन्यात ड्यूकला 82-67 असं नमवलं. शेजारच्या बिग ईस्ट कॉन्फरन्समध्ये 2011 साली नवव्या मानांकनाच्या कनेटिकटनं पाच दिवसांत पाच सामने जिंकले आणि त्याच संघानं महिनाभरात राष्ट्रीय विजेतेपदही घेतलं. मार्चमधलं हे स्वप्न खालून वर येणाऱ्यांनीच जिवंत ठेवलं आहे.

तुम्ही म्हणाल, दहावा म्हणजे सोळावा नव्हे. बरोबर. सोळाव्या किंवा अठराव्या संघानं आजवर ही स्पर्धा जिंकलेली नाही, आणि उद्या जिंकेल असं मी म्हणणार नाही. पण दहाव्या संघानं पाच दिवसांत पाच सामने जिंकावेत हेही 11 मार्च 2024 च्या रात्री कुणाला पटलं असतं? आणि 2025 मधलं एक उदाहरण तर तुमच्या डोळ्यांसमोर घडलं. आत घेतलेल्यांमधला शेवटचा, पंधरावा संघ होता कॅलिफोर्निया. त्यांनी पहिल्याच फेरीत दहाव्या व्हर्जिनिया टेकला दोन जादा वेळांनंतर 82-73 असं हरवलं. कॉन्फरन्समध्ये कॅलिफोर्नियाचे विजय होते सहा, एनसी स्टेटचे पाच. त्या एका विजयाच्या फरकानं कॅलिफोर्नियाला ती रात्र मिळाली आणि एनसी स्टेट घरी राहिलं. ज्याच्या बझरवरच्या बास्केटनं आदल्या वर्षी ही स्पर्धा देशभर गाजली, तो ओ'कॉनेल त्याच संघात होता. त्याचं ते कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं.

हा एका विजयाचा फरक तरी खरा मानावा का? एसीसीत आठ संघ होते तेव्हा प्रत्येक जण प्रत्येकाशी दोनदा खेळे, एकदा आपल्या कोर्टवर, एकदा त्यांच्या. चौदा सामने, हिशेब चोख. खाली कोण आणि वर कोण हे तक्ता खरं सांगत असे, आणि तरीही तेव्हा सगळ्यांना स्पर्धेत घेत. आज प्रत्येकाला सतरा प्रतिस्पर्धी आहेत. 2024-25 मध्ये वीस सामने होते, तुम्ही ते आता अठरावर आणले. अठरा सामन्यांत सतरा संघांशी घरी आणि बाहेर खेळणं शक्य नाही. एखाद्याच्या वाट्याला ड्यूक दोनदा येतं, एखाद्याच्या वाट्याला तळातला संघ दोनदा येतो. असा तक्ता वरच्या चौघांना पुढे चाल द्यायला पुरेसा आहे, कारण चूक झालीच तर एखाद्या संघाला एक सामना जास्त खेळावा लागेल. पण पंधरावा आत आणि सोळावा बाहेर ही रेघ त्यावर ओढणं योग्य नाही. ज्या तक्त्याला सगळे संघ समान मोजमापानं मोजता येत नाहीत, त्यावरून कुणाचा हंगाम संपवू नये.

मी महाराष्ट्रात शिकले. आमच्या विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बाद पद्धतीच्या असत. कॉलेजनं प्रवेशपत्रिका भरली की चिठ्ठीत त्या कॉलेजचं नाव पडे. तालुक्याच्या कॉलेजचा संघ पहाटेच्या एसटीनं येई, पुण्यातल्या नावाजलेल्या कॉलेजकडून सकाळीच दणकून हरे आणि दुपारची गाडी पकडून परत जाई. कुणी त्यांना सांगितलं नाही की तुमचा प्रवासखर्च वाया गेला. त्या मुलामुलींनी विद्यापीठाच्या मैदानावर आपल्या कॉलेजचा गणवेश घातला होता, आणि पुढे आयुष्यभर ती तो सामना सांगत राहिली. आमची मैदानं साधी होती, पंख्याखालचा प्रेक्षकवर्ग बोटांवर मोजण्याइतका. तुमच्याकडे सगळं आहे. मग ही एक गोष्ट तुम्हाला का जड व्हावी?

तुमच्या अडचणी मी वाचल्या आहेत, आणि त्या खोट्या आहेत असं मला वाटत नाही. 2024 मध्ये स्टॅनफर्ड, कॅलिफोर्निया आणि एसएमयू (सदर्न मेथडिस्ट विद्यापीठ) आले, कॉन्फरन्स अठराची झाली. शार्लट ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर साडेतीन हजार किलोमीटरहून जास्त. तळातला संघ एवढ्या लांबून येऊन पहिल्याच दिवशी हरला तर पैसा आणि वेळ दोन्ही गेले. पण हेच संघ सबंध हिवाळाभर याच अंतराची विमानं पकडतात. आठवड्याच्या मधल्या दिवशी रात्री उशिरा सामना, पहाटे परत, सकाळी वर्ग. तो प्रवास तुम्ही त्यांच्या वेळापत्रकात स्वतः घातलात. तेव्हा अंतराची चिंता आड आली नाही, ती नेमकी मार्चमध्ये येते, हे मला पटत नाही. एसएमयूनं तर या कॉन्फरन्समध्ये येण्यासाठी नऊ वर्षं प्रक्षेपणाच्या पैशावर पाणी सोडलं आहे. एवढी किंमत मोजून आलेल्या विद्यापीठाला एखाद्या वाईट हंगामानंतर स्पर्धेचंच दार बंद?

दुसरी अडचण दिवसांची. तुमची स्पर्धा मंगळवार ते शनिवार पाच दिवसांची आहे. सगळे संघ घेतले तर आणखी एक दिवस लागेल, हे खरं. पण किती सामने वाढतील ते पाहा. बाद पद्धतीत एका सामन्यागणिक एक संघ घरी जातो, म्हणून पंधरा संघांना चौदा सामने लागतात आणि अठरांना सतरा. वाढतात फक्त तीन. मांडणीही अवघड नाही. सोमवारी तेराव्याचा सामना अठराव्याशी, चौदाव्याचा सतराव्याशी, पंधराव्याचा सोळाव्याशी. जिंकलेले तीन संघ मंगळवारी दहाव्या, अकराव्या आणि बाराव्याशी खेळतील. वरच्या नऊ संघांच्या वेळापत्रकाला हातही लागत नाही. पहिल्या चौघांची थेट उपांत्यपूर्व फेरी तशीच राहते, आणि हंगाम चांगला खेळल्याचं बक्षीसही तसंच.

हे तीन सामने कुठे घ्यायचे यावर मी बराच विचार केला. वरच्या मानांकनाच्या संघाच्या कॅम्पसवर घेतले तर विद्यार्थी येतील, सभागृह भरेल, भाडंही वाचेल. पण त्यातला एखादा सामना बर्कलेला, कॅलिफोर्नियाच्या कॅम्पसवर, असला तर तिथला विजेता मंगळवारी दुपारी शार्लटला कोर्टवर उभा राहू शकणार नाही. रॉलीचं रेनल्ड्स मनाला फार भावतं. पहिली स्पर्धा तिथं झाली, नूतनीकरणानंतर ते साडेपाच हजार आसनांचं झालं आहे, आणि तिथल्या कोर्टला के याव यांचं नाव आहे, ज्यांनी 1975 पासून 2009 मधल्या मृत्यूपर्यंत एनसी स्टेटच्या मुलींना शिकवलं. पण एनसी स्टेटच सोमवारी खेळत असलं तर बाकीच्यांवर अन्याय होईल. म्हणून माझी सूचना ग्रीन्सबरोची आहे. तिथून शार्लटला बसनं दीड तास. सोमवारी रात्री जिंकलेला संघ मध्यरात्रीपर्यंत शार्लटच्या हॉटेलात पोचतो.

आणि ग्रीन्सबरोचं तुमच्यावर ऋण आहे. कॉन्फरन्स तिथं जन्मली, सत्तर वर्षं तुमचं कार्यालय तिथं होतं, दुसऱ्या कुठल्याही शहरापेक्षा ही स्पर्धा तिथं जास्त वेळा झाली. 12 मार्च 2020 ला साथीमुळे स्पर्धा थांबली तीही तिथंच. फ्लोरिडा स्टेटच्या मुलांना सामना न खेळताच, जवळजवळ रिकाम्या सभागृहात, विजेतेपदाचा चषक दिला गेला. 2023 मध्ये तुम्ही कार्यालय शार्लटला हलवलंत, त्याची कारणं असतील. सोमवारचे तीन सामने तिथं ठेवले तर त्या शहराला मार्चमधली आपली जागा परत मिळेल. तळाच्या सहा संघांचे सामने बघायला कोण येणार, असं कुणी विचारेल. ग्रीन्सबरोचे लोक येतील. या राज्यात एके काळी स्पर्धेच्या शुक्रवारी शिक्षक वर्गात टीव्ही आणून ठेवत, गणिताच्या तासाला मुलं सामना बघत. माझ्या कार्यालयातली पन्नाशीपलीकडची माणसं आजही तो शुक्रवार सणासारखा सांगतात. त्यांच्या गोष्टींत फक्त ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलिना नसतात, क्लेमसन असतं, वेक फॉरेस्ट असतं, ज्या संघानं त्या वर्षी कुणाला तरी धक्का दिला तो असतो.

खेळाडूंच्या शरीराचा प्रश्न उरतो, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सोमवारी सुरुवात करणाऱ्या संघाला विजेतेपदासाठी सहा दिवसांत सहा सामने खेळावे लागतील. हे फार आहे. पण इतके सामने खेळायची वेळ येईल तो संघ सगळे जिंकत आलेला असेल. बाकीच्यांना एक किंवा दोन सामने खेळून घरी जायचं आहे. सहा सामने खेळायचे का, हे त्या मुलांना विचारा, त्यांच्या प्रशिक्षकांना विचारा, संघाच्या डॉक्टरांना विचारा. त्यांनी एकमतानं नको म्हटलं तर मी माझं म्हणणं मागे घेईन. पण त्यांना विचारल्याचं माझ्या वाचनात आलं नाही.

आता पैशाबद्दल थोडंसं, कारण खरी गोष्ट तिथं अडते असं मला वाटतं. 2025 च्या मार्चमध्ये फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसनशी झालेल्या तडजोडीनंतर प्रक्षेपणाच्या पैशाचा मोठा हिस्सा प्रेक्षकसंख्येवरून वाटायचं ठरलं. ज्यांचे सामने जास्त बघितले जातात त्यांना जास्त. खेळाडूंना थेट मोबदला देण्याचीही सोय झाली, म्हणजे श्रीमंत विद्यापीठं चांगले खेळाडू आणखी सहज घेऊ शकतील. या सगळ्यात बॉस्टन कॉलेजसारख्या विद्यापीठाचं वजन वर्षागणिक कमी होणार हे उघड आहे. त्यात मार्चमधली ती एक संध्याकाळ तरी सगळ्यांची सारखी होती. पंगतीला अठरा घरची माणसं असताना तीन पानं कमी मांडून यजमानाचं असं काय वाचतं? तीन सामन्यांचा खर्च या कॉन्फरन्सच्या उत्पन्नापुढे नगण्य आहे. आणि एनसी स्टेटनं 2024 मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत जे पाच सामने खेळले, त्यांतल्या प्रत्येक सामन्याचे पैसे आले. ते सुरू झाले एका मंगळवारच्या अर्ध्या रिकाम्या सभागृहातून.

बाकीच्या मोठ्या कॉन्फरन्सेस काय करतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. एसईसीत सोळा संघ, सोळाही खेळतात. बिग ट्वेल्व्हमध्ये सोळा, सोळाही खेळतात. बिग टेनमध्ये तुमच्यासारखेच अठरा. त्यांनीही 2025 मध्ये तिघांना बाहेर ठेवलं होतं, आणि मग 2026 च्या पुरुषांच्या स्पर्धेसाठी अठराच्या अठरा संघ घ्यायचं ठरवलं. त्यांची विद्यापीठंही लॉस एंजेलिसपासून न्यू जर्सीपर्यंत पसरली आहेत. त्यांना जमतं.

खेळाडूंसाठी एक गोष्ट सांगायची राहिली. कॉलेजमध्ये बास्केटबॉल खेळणाऱ्या बहुतेक मुलामुलींना पुढे व्यावसायिक संघात जागा मिळत नाही. चौथं किंवा पाचवं वर्ष संपलं की खेळ संपला. तो कधी संपणार हे त्यांना कोर्टवर कळायला हवं: घाम निथळत असताना, बझर वाजल्यावर, समोरच्या संघाशी हात मिळवताना. 2025 मध्ये तीन संघांच्या शेवटच्या वर्षाच्या खेळाडूंना ते नियमित हंगामाच्या तक्त्यावरून कळलं. त्यांच्या मागे बँडमधली मुलं होती, चीअरलीडर होत्या, पाण्याच्या बाटल्या आणि टॉवेल सांभाळणारे विद्यार्थी व्यवस्थापक होते. माझ्या मुलीनं त्या आठवड्यात ट्रम्पेटची पेटी उघडली नाही. तिच्या मैत्रिणींपैकी काही जणी मे महिन्यात पदवी घेऊन गेल्या. हरायला त्या तयार होत्या, सगळा हंगाम हरण्यातच गेला होता. त्यांना फक्त जायचं होतं.

तुमच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. अठरा विद्यापीठांच्या प्रमुखांनी एकच ठराव करायचा आहे: पुढच्या हंगामापासून पुरुषांच्या आणि महिलांच्या स्पर्धेत पात्र असलेले सगळे सदस्य संघ खेळतील, आणि सोमवारची फेरी ग्रीन्सबरोला होईल. मतदान कसं झालं, कोणी काय मत दिलं, हे जाहीर करा. शार्लटच्या सभागृहात मंगळवारी पहिल्या सत्राची तिकिटं आम्ही आजवर काढत आलो आहोत. सोमवारी ग्रीन्सबरोला कुणाचाही सामना असो, आमच्या भागातून चार गाड्या भरून माणसं आणण्याचं काम मी माझ्याकडे घेते.

कळावे,
आपली नम्र,
एनसी स्टेटच्या एका विद्यार्थिनीची आई
कॅरी, नॉर्थ कॅरोलिना